वखारीची पावती आणि ‘ब्लॉकचेन’ची वही

‘ब्लॉकचेन’ हा शब्द हल्ली कानावर येतो. कम्प्युटरवाल्यांचं काम, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून आपण सोडून देतो. पण महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाने गोदामातल्या मालावरच्या तारण कर्जासाठी हीच पद्धत वापरात आणली आहे. तेव्हा सोयाबीन, तूर, हरभरा वखारीत ठेवणाऱ्याने ती समजून घेतलेली बरी.

वहीच, पण निराळी

ब्लॉकचेन म्हणजे नोंदवही. साधी वही एकाच माणसाच्या ताब्यात असते. त्याने आकडा खोडला तर इतरांना पत्ता लागत नाही. आता समजा, तीच वही पन्नास जणांकडे आहे आणि प्रत्येक नोंद पन्नासही वह्यांत होते. एकाने खाडाखोड केली, तर उरलेल्या एकोणपन्नास वह्या त्याला खोटं पाडतील. वखारीच्या कामात या वह्या संबंधित संस्थांच्या कम्प्युटरवर असतात, एवढाच फरक.

आता साखळीचं बघू. काही नोंदी झाल्या की एक पान, म्हणजे ‘ब्लॉक’, पुरं होतं. त्यावरच्या मजकुरावरून कम्प्युटर एक खूण काढतो, तिला ‘हॅश’ म्हणतात. ४० पोत्यांची ४१ केली, तरी खूण पार बदलते. ही खूण पुढच्या पानावर लिहिलेली असते. त्यामुळे मागचं पान बदललं की पुढचा सांधा जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते.

जानेवारी २००९ मध्ये सुरू झालेलं बिटकॉइन याच रीतीवर चालतं. पण ‘ब्लॉकचेनमध्ये पैसे घाला, दुप्पट करून देतो’ म्हणणारा दारात आला, तर त्याला तिथूनच वाटेला लावा.

फायदा कुठे?

पावती तारण घेताना बँकेला दोन धास्ती असतात. पावती खोटी तर नाही ना? आणि हिच्यावर आधीच दुसरीकडे कर्ज उचललेलं तर नाही ना? गोदाम आणि बँका एकाच वहीवर असल्या, तर दोन्ही गोष्टी लगेच कळतात. कर्ज लवकर मिळालं, की काढणीच्या दिवसांत पडत्या भावाने माल विकायची घाई टळते.

एवढं ध्यानात ठेवा

वही लिहिलेलं जपते, पण खरं-खोटं तिला कळत नाही. तुम्ही ४० पोती आणली आणि नोंद ३८ ची झाली, तर ३८ च पक्की होतील. दुरुस्तीला वेगळी नोंद करावी लागेल आणि तोवर कर्जही ३८ वरच बसेल.

म्हणून काट्यावर स्वतः उभे राहा. पोती, वजन, ओलावा, प्रत आणि तारीख पावतीवर ताडून पाहा. मोबाईल नंबर स्वतःचाच द्या, ओटीपी कुणालाही सांगू नका. वाचता येत नसेल, तर घरातल्या शिकत्या पोराला सोबत न्या. चूक दिसली, तर गोदाम सोडण्याआधीच सांगा.