सांसर्गिक गर्भपाताचे वेळीच निदान

गाय सहाव्या-सातव्या महिन्यात गाभ टाकते, तिची वार अडकते आणि काही दिवसांनी ती पुन्हा नीट चारापाणी करू लागते. पुढच्या खेपेस तिला पुऱ्या दिवसांचे वासरूही होते. दुखणे गेले, असे मालकास वाटते. परंतु गर्भपात ब्रुसेल्ला जंतूंमुळे झालेला असल्यास ही समजूत घातक ठरते. वरकरणी निरोगी दिसणारी ती गाय दुधातून व विण्याच्या वेळच्या स्रावातून जंतू बाहेर टाकीत राहते आणि गोठ्यातील इतर जनावरांस रोग जडतो. डेन्मार्कमधील पशुवैद्य बँग यांनी १८९७ साली गाईंतील या रोगाचा जंतू शोधून काढला. रोगी जनावर नुसत्या पाहण्याने ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच करावी लागते.

दुधाची वलय-परीक्षा : शरीरात जंतू शिरल्यावर त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात व ती दुधातही उतरतात. नळीत सुमारे १ मिलिलिटर दूध घेऊन त्यात निळ्या रंगाने रंगविलेल्या मृत जंतूंच्या द्रवाचा एक थेंब मिसळतात व नळी ३७ अंश सेल्सिअस उष्णतेत एक तास ठेवतात. दुधात प्रतिद्रव्ये असल्यास जंतूंचे पुंजके सायीबरोबर वर येऊन निळे वलय दिसते. नसल्यास साय पांढरी व दूध निळसर राहते. गोठ्यातील गाईंचे एकत्र दूध तपासून रोगाचा सुगावा या परीक्षेने स्वस्तात लागतो. चीक किंवा कासदाह झालेल्या गाईचे दूध मात्र नमुन्यास घेऊ नये. त्यामुळे निकाल चुकीचा येतो.

रक्ताची परीक्षा : गोठ्यात संशय आल्यास प्रत्येक जनावराचे रक्त तपासावे. रक्त गोठल्यावर वर सुटणाऱ्या रक्तजलाचा एक थेंब गुलाबी रंगाच्या जंतुद्रवाच्या तेवढ्याच थेंबात मिसळतात. चार मिनिटांत कण जमल्यास जनावर संशयित समजतात. या ‘रोझ बेंगॉल’ परीक्षेनंतर ‘एलायझा’ परीक्षेने खात्री करून घेतात.

निकाल वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रोग नुकताच जडलेला असल्यास रक्तात प्रतिद्रव्ये आढळत नाहीत. म्हणून गाभ टाकलेल्या गाईचा पहिला निकाल निर्दोष आला तरी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावे. तसेच रोगप्रतिबंधक लस टोचलेल्या जनावरातही प्रतिद्रव्ये आढळू शकतात. यास्तव लस टोचल्याची तारीख नमुन्यासोबत अवश्य कळवावी.

गोठ्यात घ्यावयाची दक्षता : हा रोग माणसासही होतो. वारंवार येणारा ताप, घाम व सांधेदुखी ही त्याची लक्षणे होत. म्हणून पडलेला गर्भ व वार उघड्या हातांनी हाताळू नये. पशुवैद्यकास कळवून तपासणीपुरता भाग त्यांच्याकरवी पाठवावा व उरलेला भाग चुना टाकून खोल पुरावा. गाय वेगळी बांधावी व दूध उकळल्याशिवाय पिऊ नये.

बाजारातून आणलेले जनावर रक्त तपासल्याखेरीज कळपात सोडू नये. कालवडी व पारड्यांना चार ते आठ महिन्यांच्या वयात लस टोचून घ्यावी. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात या लसीकरणाचा समावेश करण्यात आला. गाभ टाकलेली गाय गुपचूप विकल्यास घरचा रोग शेजारच्या गावी जातो. ग्रामसेवकांनी गावात असा गर्भपात झाल्याचे कळताच पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित वर्दी द्यावी.