परसांतील पाखरांची मोजदाद

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां खानेसुमारीची संवय जडली. धाराशिवास निवृत्त झाल्यावर ती परसांत कामीं आली. दरसाल फेब्रुवारींत चार दिवस परसांतील पक्षी मोजतात. १९९८ सालीं अमेरिकेंत निघालेली ही मोजणी २०१३ पासून भारतांतहि होते. एके जागीं निदान १५ मिनिटें बसावें, इतकेंच.

पहिल्या दिवशीं मीं ११ साळुंक्या लिहिल्या. वस्तुतः चारच होत्या. त्याच पुनः पुनः येत. आंकडा खोडला. एका वेळीं अधिकांत अधिक जितक्या दिसतील, तितक्याच लिहाव्या.

शेतकरी बंधूंनो, कोतवाल व साळुंकी किडे टिपतात. चिमणी पिलांस अळ्या भरविते. दरसाल त्याच जागीं, त्याच वेळीं मोजावें. म्हणजे पिकांचे हे राखणदार घटले कीं वाढले, हें कळेल.