नाक खाली, चाक वर

फोक्सवॅगन बीटल बाजूने नीट पाहा. पुढचं चाक आणि त्यावरचा गोल मडगार्ड यांच्यामध्ये हात सहज आत जाईल एवढी मोकळी जागा असते. तिशीच्या दशकात फर्डिनांड पोर्श यांच्या कचेरीत ही गाडी आकाराला आली, तेव्हा ती फक्त आउटोबान या जर्मनीच्या नव्या कोऱ्या महामार्गांवर धावणार नव्हती. खेड्यातले खडबडीत दगडी रस्तेही तिलाच तुडवायचे होते. म्हणून पोटाखाली सुमारे १५० मिलिमीटर जागा आणि चाकाला वर-खाली व्हायला ऐसपैस वाव. अभियंत्याच्या नजरेने हे अगदी योग्य होतं. पण त्या गोलाईवर जीव जडलेल्या माणसाला ती मोकळी जागा खुपते. नाक तीन बोटं खाली आलं की तीच गाडी निघायच्या तयारीत असल्यासारखी दिसते, आणि मला विचाराल तर बीटलचं खरं सौंदर्य तेव्हाच पुरतं उमलतं.

ही तीन बोटं खाली आणायची कशी, यावर गेली साठेक वर्षं जगभरच्या गॅरेजांत खल चालू आहे. वाटा बऱ्याच आहेत, पण त्या दोनच विचारांतून फुटतात. एक तर स्प्रिंग आणि तिचे हात यांची मूळ बैठक बदलायची, नाहीतर ती जशीच्या तशी ठेवून चाकाचा आस तेवढा वर उचलायचा. पहिला विचार स्वस्त आहे, म्हणून लोकप्रियही. दुसरा मात्र शहाणा आहे, आणि तो का, हे समजायला बीटलच्या पुढच्या धुऱ्यात डोकावलं पाहिजे.

तिथे गुंडाळीची स्प्रिंग नाही, ट्रकसारखे कमानी पाटेही नाहीत. एकावर एक अशा दोन आडव्या पोलादी नळ्या आहेत आणि त्या चार बोल्टांनी चॅसिसच्या टोकाला घट्ट बसवलेल्या आहेत. प्रत्येक नळीत स्प्रिंग-पोलादाच्या सपाट पट्ट्यांची जुडी आरपार जाते. नळीच्या बरोबर मध्यावर एक स्क्रू त्या जुडीला पक्कं धरून ठेवतो. दोन्ही टोकांना मागच्या दिशेने जाणारे हात बसतात आणि त्या हातांना चाक. चाक खड्ड्यातून वर उचललं गेलं की हात फिरतो आणि ओला पंचा पिळावा तशी ती जुडी पिळली जाते. पीळ सुटला की चाक जागेवर. टॉर्शन बारच्या या कल्पनेचं पेटंट पोर्श यांच्या कचेरीने १९३१ साली घेतलं होतं. वरचा आणि खालचा हात समान लांबीचे व समांतर असल्यामुळे चाक वर-खाली होताना गाडीच्या अंगाशी आपला कल बदलत नाही. इतक्या थोड्या सुट्या भागांत एवढं नेटकं काम करणारी रचना मोटारींच्या इतिहासात फार सापडणार नाही.

गंमत अशी की मागच्या चाकांची उंची जुळवायची सोय कारखान्यानेच देऊन ठेवली होती. मागच्या टॉर्शन बारच्या आतल्या टोकाला ४० दाते आणि बाहेरच्या टोकाला ४४. आत एक दाता सरकवला तर ९ अंश, बाहेर उलट दिशेने एक सरकवला तर ८ अंशांहून थोडं जास्त. दोहोंच्या फरकाने पाऊण अंशाहून थोडीच मोठी अशी बारीक पायरी मिळते. पुढच्या नळ्यांना मात्र अशी कोणतीच सोय नाही. मधला तो स्क्रू एकदा जिथे बसला तिथेच. पुढची उंची बदलायची तर काहीतरी कापायचं, जोडायचं किंवा बदलायचं, हे तेव्हापासून ठरून गेलं.

या कापाकापीला प्रतिष्ठा मिळाली दक्षिण कॅलिफोर्नियात. साठच्या दशकात ऑरेंज काउंटीची तरुण मुलं स्वस्तातल्या जुन्या बीटल घेऊन पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतींत उतरत होती. रिव्हरसाइडची ईएमपीआय ही कंपनी त्यांना इंजिनाचे आणि सस्पेन्शनचे सुटे भाग पुरवत असे. शर्यतीच्या गाडीला मागे रुंद टायर, पुढे अरुंद, आणि नाक खाली. तीच ढब रस्त्यावरच्या गाड्यांनी उचलली. क्रोमच्या पट्ट्या गेल्या, बंपर गेले, पुढे १३५ किंवा १४५ मिलिमीटरचे बारीक टायर आले. १९७५ साली ‘हॉट व्हीडब्ल्यूज’ या मासिकाने त्याला ‘कॅलिफोर्निया लुक’ म्हणून मुखपृष्ठावर आणलं आणि हा थाट समुद्रापार गेला.

आता उपायांकडे वळू. सर्वांत हलका उपाय म्हणजे नळीतल्या काही पट्ट्या काढून टाकायच्या. जुडी बारीक झाली की स्प्रिंग मऊ पडते आणि गाडी स्वतःच्याच वजनाने बसते. यात खर्च नाही, वेल्डिंग नाही, आणि अक्कलही नाही. खाली आलेल्या गाडीला वर-खाली व्हायला जागा आधीच कमी, म्हणजे तिला स्प्रिंग कडक हवी. इथे ती उलट मऊ केली जाते. प्रत्येक खड्ड्यात हात रबरी ठोकळ्यावर आपटतो आणि तो धक्का थेट नळ्यांना आणि चॅसिसच्या टोकाला बसतो. जुन्या गाडीच्या गंजलेल्या पत्र्यावर असा मार चालू ठेवणं मला क्रूरपणाचं वाटतं.

त्याहून बरा उपाय ॲडजस्टरचा. नळीचा मधला तुकडा कापून तिथे दातेरी खाचांचा फिरता तुकडा वेल्ड करतात. जुडीचा मधला पकडबिंदू त्यामुळे थोडा फिरवता येतो. तो फिरला की दोन्ही टोकांचे हात वरच्या बाजूला वळतात आणि गाडी खाली येते. पट्ट्या तेवढ्याच राहतात, म्हणून स्प्रिंगचा कडकपणाही कायम. ॲडजस्टर दोन्ही नळ्यांना हवा. पैसे वाचवायला एकाच नळीला लावला तर वरची जुडी एकीकडे ओढते, खालची दुसरीकडे, आणि गाडी उभी असतानाही दोघींची झटापट चालूच राहते.

पण ॲडजस्टरने हातांची बैठक बदलली, हे विसरून चालत नाही. हात आधीच वर वळलेले असल्याने वर जायला वाव उरत नाही. शॉकअप अर्धा दाबलेलाच राहतो, म्हणून आखूड शॉकअप घ्यावे लागतात. १९६६ च्या मॉडेलपासून बीटलच्या हात आणि चाक यांच्यातल्या वळत्या सांध्यात किंगपिनऐवजी बॉल जॉइंट आले. त्यांना ठरावीक कोनापलीकडे वळता येत नाही. गाडी फार खाली नेली तर ते अडकतात, झिजतात, प्रसंगी तुटतात. टायरॉडचंही तसंच. स्टीअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा हा दांडा मूळ उंचीवर साधारण आडवा असतो. चाक वर गेलं की तो तिरका होतो. मग छोट्याशा उंचवट्यावरही चाकाचं तोंड आपोआप आत-बाहेर वळू लागतं आणि स्टीअरिंग न हलवता गाडी इकडेतिकडे सरकते. घाटात समोरून बस येत असताना हा अनुभव कुणालाही नको.

म्हणून मी दुसऱ्या विचाराच्या बाजूचा. चाक ज्या आसावर फिरतं तो आस त्याच्या नकलवर, म्हणजे हातांना चाक जोडणाऱ्या तुकड्यावर, मूळ जागेपेक्षा सुमारे अडीच इंच, म्हणजे ६३ मिलिमीटर, वर बसवलेला तयार भाग मिळतो. त्याला ड्रॉप स्पिंडल म्हणतात. चाक तेवढं वर जातं, गाडी तेवढी खाली येते. हात, बॉल जॉइंट, टायरॉड आणि शॉकअप यांना काही बदललंय याचा पत्ताही लागत नाही. जो कोन कारखान्याने ठरवला तोच कायम, आणि हातांचा प्रवासही पूर्ण. कापायचं काही नाही, त्यामुळे हवं तेव्हा मूळ भाग परत चढवता येतात. खोट एकच: बऱ्याच ड्रॉप स्पिंडलमुळे चाक थोडं बाहेर येतं आणि वळताना टायर मडगार्डला घासतो. बारीक टायर हा त्यावरचा साधा इलाज. त्याहून मोठा इलाज म्हणजे दोन, चार किंवा सहा इंचांनी आखूड केलेल्या नळ्या. पण आखूड नळीत पट्ट्याही आखूड कापाव्या लागतात, आणि पट्टी जितकी आखूड तितकी ती पिळायला जड. गाडी कडक होते, आणि मूळ रचना टिकवण्याचा आपला हेतू मागच्या दाराने निसटतो.

एक गोष्ट मात्र कोणताच उपाय टाळू शकत नाही. नुसतं नाक खाली घेतलं की सबंध गाडी पुढे झुकते. बीटलच्या दोन धुऱ्यांमधलं अंतर २४०० मिलिमीटर. पुढून ६३ मिलिमीटर उतरवलं की कल भरतो सुमारे दीड अंश. मोटारसायकलचा पुढचा फोर्क जसा मागे कललेला असतो तसा चाकाच्या वळणाचा आसही मागे कललेला असतो; या कलाला कॅस्टर म्हणतात आणि त्याच्यामुळेच वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येतं. बॉल जॉइंटच्या बीटलला हा कॅस्टर जेमतेम तीन-साडेतीन अंश, त्यातला दीड अंश इथेच गेला. इंजिन मागे असल्याने नाक मुळात हलकं, एकूण वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास भार पुढे. कॅस्टर घटला की वाऱ्याच्या झोतात ही गाडी भटकते. उपाय काही रुपयांचा आहे: खालच्या नळीच्या मागे, चॅसिसच्या टोकाशी, कॅस्टर शिम नावाच्या चकत्या सरकवायच्या. नळ्यांचा जोड थोडा मागे कलतो आणि गेलेला कोन परत मिळतो. त्याच दीड अंशाने हेडलाइटचा झोतही खाली जातो, दहा मीटरवरच्या भिंतीवर तब्बल सव्वीस सेंटिमीटर. रात्री रस्ता आखडल्यासारखा वाटू लागतो आणि दोष मात्र बल्बला दिला जातो.

प्रत्यक्ष कामात घाई नको. पेट्रोलची टाकी नळ्यांच्या अगदी वर बसते, म्हणून नळ्या उतरवायच्या किंवा जवळपास वेल्डिंग करायचं तर ती आधी काढून दूर ठेवायची. वेगाच्या काट्याची केबल डाव्या पुढच्या चाकाच्या मधून जाते; तिची पिन न काढता ड्रम ओढला तर केबल गेलीच. पट्ट्यांची जुडी बाहेर काढताना तारेने बांधावी, नाहीतर क्रम विस्कटतो. ब्रेकची रबरी नळी स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तपासावी. आणि शेवटी अलाइनमेंट, तेही गाडी थोडी चालवून सगळं जागेवर बसल्यावर.

स्प्रिंगची मूळ बैठक बिघडवू नये, हे तत्त्व इतर गाड्यांनाही लागू पडतं. शेवरले इम्पालाला पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांतल्या लोरायडर, म्हणजे गाड्या मुद्दाम खाली बसवून मिरवणाऱ्या, मंडळींनी त्या कापून गाड्या रस्त्याला टेकवल्या. वेढे कापले की उरलेली स्प्रिंग कडक होते, एवढं तरी बरं; पण गॅसच्या ज्योतीने तापवून बसवलेली स्प्रिंग आपलं पाणी गमावते आणि पुढे बसतच जाते. १९५८ च्या आरंभी कॅलिफोर्नियात कायदा आला की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेखाली नसावा. त्यावर विमानांच्या हायड्रॉलिक पंपांचा तोडगा निघाला: पोलीस दिसला की गाडी वर, तो गेला की खाली. लोरायडरवरचे ते निर्बंध २०२३ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने उठले.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत प्रीमियर पद्मिनीला पुढे अशाच गुंडाळीच्या स्प्रिंगा, तर मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातल्या ॲम्बेसेडरला टॉर्शन बार. मुंबई-पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत बीटलही दिसतात. त्यांच्या मालकांनी पाना उचलण्याआधी दोन गोष्टींचा विचार करावा. पहिली रस्त्याची. नियमातल्या गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर, आणि ६३ मिलिमीटर उतरवलेल्या बीटलच्या नाकाखाली उरतात साधारण पावणेनऊ. नियमाबाहेरचे गतिरोधक गल्लोगल्ली आहेत, ते वेगळेच. दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करायला मनाई करतं आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली. तिचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि अट अशी की गाडी मूळ रूपात असावी.

म्हणजे नाक उतरवलेली गाडी प्रदर्शनात, खासगी आवारात किंवा शर्यतीच्या ट्रॅकवर शोभेल. रस्त्यावर काढायची तर आधी आरटीओत विचारणा करूनच. त्या दृष्टीनेही ड्रॉप स्पिंडलच बरा. काढलेले मूळ नकल फेकू नयेत किंवा भंगारात देऊ नयेत. ग्रीस चोपडून, जाड कागदात गुंडाळून, डावा-उजवा अशी चिठ्ठी लावून ठेवावेत, आणि उतरवण्याआधी जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंतची चारही मापं गाडीच्या कागदपत्रांसोबत लिहून ठेवावीत.