तानपुऱ्यामागची शांतता

संगीत ऐकण्यासाठी राखून ठेवलेल्या खोलीचे काम भिंतीवर गिलावा चढण्यापूर्वी सुरू व्हावे लागते, कारण त्या खोलीच्या गुणवत्तेचा निम्मा भाग पुढे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. स्पीकर, ॲम्प्लिफायर, टर्नटेबल ही सामग्री आवडीनुसार आणि ऐपतीनुसार नंतर बदलता येते. परंतु मीटरपासून खोलीपर्यंत येणारी तार, जमिनीत उतरलेले अर्थिंग आणि खोलीची लांबी-रुंदी-उंची या तीन गोष्टी एकदा ठरल्या की त्यांच्याशी वर्षानुवर्षे जुळवून घ्यावे लागते. तरीही पुण्या-मुंबईच्या घरांत लाखो रुपयांची यंत्रे आधी येतात आणि वायरमनला शेवटच्या दिवशी एखादा बोर्ड वाढवण्यापुरते बोलावले जाते, असे वारंवार दिसते. हा क्रम उलटा आहे.

भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाची असून तिचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करतो. ॲम्प्लिफायरला आत एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो, म्हणून त्यातील रेक्टिफायर हा भाग प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्धे एका दिशेला वळवतो आणि कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवून ठेवणारे डबे, त्यातून सेकंदाला १०० वेळा भरले जातात. यामुळे संगीतसंचात दोन प्रकारचे घुमारे शिरू शकतात: ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा अर्थिंगच्या तारेतून येणारा ५० आवर्तनांचा, आणि रेक्टिफायरकडून येणारा १०० आवर्तनांचा. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणात असा घुमारा पुष्कळदा झाकून जातो. हिंदुस्थानी गायनात तो उघडा पडतो, कारण तेथे सगळ्या स्वरांखाली तानपुरा अखंड वाजत असतो. पुरुष गायकाने काळी एकचा षड्ज लावला, तर तो सुमारे १३९ आवर्तनांचा असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या जवळ लागते. त्या खर्जाच्या सप्तकात तीव्र मध्यम सुमारे ९७ वर आणि पंचम १०४ वर पडतो. विजेचा १०० चा घुमारा नेमका त्या दोहोंमधल्या फटीत, कोणत्याही रागाला न चालणाऱ्या जागी येऊन बसतो. किराणा घराण्याच्या गायकाने मंद्र सप्तकात संथ बढत सुरू केली की ऐकणाऱ्याला काहीतरी बोचत राहते, पण ते काय हे त्याला सांगता येत नाही. तो दोष गाण्याचा नसतो, ध्वनिमुद्रणाचाही नसतो. तो भिंतीतून आलेला असतो.

रेकॉर्ड ऐकणाऱ्याच्या घरी हा प्रश्न अनेक पटींनी वाढतो. मूव्हिंग कॉइल जातीचे कार्ट्रिज, म्हणजे हिऱ्याच्या सुईची हालचाल विजेत रूपांतरित करणारा टर्नटेबलच्या दांडीच्या टोकाचा भाग, साधारण अर्धा मिलिव्होल्ट किंवा त्याहूनही कमी दाब देते आणि तो वापरण्याजोगा करण्यासाठी फोनो प्रीॲम्प्लिफायरला त्याचे सुमारे १,००० पट वर्धन करावे लागते. शिवाय रेकॉर्ड कोरताना खालचे स्वर मुद्दाम दाबून कोरलेले असतात, अन्यथा खोबणी फार रुंद होऊन रेकॉर्डवर मावणारा वेळ घटला असता. ऐकताना ते स्वर ठरलेल्या प्रमाणात पुन्हा उचलले जातात आणि ५० आवर्तनांपाशी ही उचल सुमारे सातपट असते. म्हणजे कार्ट्रिजच्या बारीक तारांत शिरलेला विजेचा कण ७,००० पटींनी मोठा होऊन स्पीकरमधून बाहेर पडतो. ॲम्प्लिफायरचा जड ट्रान्सफॉर्मर टर्नटेबलपासून हात-दीड हात दूर ठेवल्यावर पुष्कळदा जो फरक पडतो, तो महागड्या उपकरणांनीही पडत नाही.

घुमाऱ्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे अर्थिंगचे वेटोळे. संचातील प्रत्येक यंत्र आपल्या तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंगला जोडलेले असते आणि त्याच वेळी ध्वनिसंकेत वाहणाऱ्या केबलच्या वेष्टनातूनही ही यंत्रे एकमेकांना जोडलेली असतात. एक यंत्र खोलीच्या एका भिंतीवरच्या बोर्डातून आणि दुसरे समोरच्या भिंतीवरच्या बोर्डातून वीज घेत असेल, तर या दोन मार्गांचे मिळून एक मोठे वेटोळे तयार होते, त्यात आसपासच्या चुंबकीय क्षेत्रामुळे प्रवाह फिरू लागतो आणि तो संकेताच्या वेष्टनातून जाताना घुमारा बनतो. गच्चीवरच्या डिशची किंवा केबल टीव्हीची तार संचाला जोडली की जमिनीकडे जाणारी आणखी एक वाट उघडते. अनुभवी वायरमन म्हणूनच संचाचे सगळे सॉकेट एकाच बोर्डावर घेतो आणि त्या बोर्डाची अर्थिंगची तार वाटेत इतर बोर्डांना न जोडता थेट डीबीपर्यंत, म्हणजे घरातील विजेच्या वाटपपेटीपर्यंत, अखंड नेतो.

येथे एका गैरसमजाविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकली की घुमारा थांबतो, असे सर्रास सांगितले जाते आणि तो खरोखर थांबतोही. पण त्या यंत्रात उद्या फेजची तार सुटून धातूच्या पेटीला टेकली, तर पेटीला हात लावणाऱ्याच्या शरीरातून तो प्रवाह जमिनीकडे जाईल. संचासाठी निराळा, ‘स्वच्छ’ अर्थिंगचा खड्डा खणून तो घराच्या अर्थिंगपासून अलग ठेवणे हाही तितकाच घातक प्रकार आहे, कारण वीज कोसळली किंवा घरात बिघाड झाला की दोन खड्ड्यांमध्ये मोठा विद्युतदाब उभा राहतो आणि तो यंत्रांच्या मार्गे वाट काढतो. दुसरा खड्डा घ्यायचाच असेल, तर तो जाड तांब्याच्या पट्टीने पहिल्याला जोडलेला असला पाहिजे, आणि डीबीत ३० मिलिॲम्पिअरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे प्रवाह जमिनीत गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेला असला पाहिजे. याबाबतीत आवाजाच्या गोडीसाठी कोणतीही तडजोड समर्थनीय नाही.

तारेच्या जाडीविषयी मात्र जेवढे बोलले जाते तेवढे बोलण्यासारखे काही नाही. डीबी ते बोर्ड हे अंतर १५ मीटर धरले आणि १० ॲम्पिअर प्रवाह वाहिला, तर अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जाऊन-येऊन सुमारे सव्वादोन व्होल्ट खर्ची पडतात, चार चौरस मिलिमीटरच्या तारेत दीड व्होल्ट. पुरवठ्याच्या नियमांनीच दाबात दोन्ही बाजूंना ६ टक्के, म्हणजे जवळजवळ १४ व्होल्ट चढउताराला मुभा दिलेली असताना हा फरक नगण्य आहे. तरीही चारची तार घ्यावी, कारण ती भिंतीत जाणार आहे आणि तिच्यासाठी पुन्हा झिरी मारण्याचा खर्च तांब्याहून जास्त असतो. खरा लाभ जाडीपेक्षा स्वतंत्रपणाचा आहे: फ्रिज, पाण्याचा पंप आणि वातानुकूलन यंत्र ज्या सर्किटवर आहेत, त्यावर संच नसावा. तीन फेजचे मीटर असलेल्या घरात संपूर्ण संच एकाच फेजवर ठेवावा, कारण दोन फेजांमधला दाब ४०० व्होल्टच्या घरात असतो आणि एकमेकांना केबलने जोडलेली यंत्रे दोन फेजांवर असणे धोक्याचे ठरते. मोठ्या ॲम्प्लिफायरमधील टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर, म्हणजे कड्याच्या आकाराच्या गाभ्यावर गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, चालू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. बी प्रकारचा एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की सर्किट तोडणारा स्विच, आपल्या नेमलेल्या प्रवाहाच्या तीन ते पाच पटींना तुटतो, सी प्रकारचा पाच ते दहा पटींना. त्यामुळे बटण दाबताच घर अंधारात जात असेल, तर ॲम्प्लिफायर दुरुस्तीला पाठवण्यापूर्वी डीबीतील एमसीबीवरचे अक्षर वाचावे.

विजेत मिसळणारा कचरा बहुधा घरातच तयार होतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरपैकी ट्रायॅक जातीचा रेग्युलेटर प्रत्येक आवर्तनाचा काही भाग कापून पंख्याचा वेग कमी करतो आणि त्या कापाकापीची चरचर स्पीकरमध्ये ऐकू येते. कपॅसिटरच्या पायऱ्यांचा रेग्युलेटर बसवला की ती थांबते. स्वस्त एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर आणि मोबाइलचे चार्जर यांचाही असाच त्रास होतो. वीज गेल्यावर चालणारा घरगुती इन्व्हर्टर चौकोनी लहर देणारा असेल, तर ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुरगुरू लागतात, म्हणून संचाचा बोर्ड इन्व्हर्टरवर घेऊ नये. ज्या वस्तीत संध्याकाळी दाब खरोखर खाली येतो, तेथे सर्व्हो स्टॅबिलायझर उपयोगी पडतो. मात्र त्यातील मोटर सरकताना आवाज करते, म्हणून तो खोलीबाहेर ठेवावा. जपानमध्ये काही श्रोत्यांनी केवळ आपल्या संचासाठी घराबाहेर विजेचा स्वतंत्र खांब आणि त्यावर स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर उभारून घेतला आहे. त्या निष्ठेचा आदर वाटतो, आणि त्यामागे निदान संपूर्ण मार्ग बदलण्याचा विचार आहे. भिंतीतील १५ मीटर साध्या तारेला शेवटी दीड मीटरची, स्कूटरच्या किमतीची पॉवर केबल जोडण्यामागे तोही नाही. तेवढ्या पैशांत सुताराचे महिन्याचे काम होते.

आणि सुताराचे काम अधिक मोलाचे असते. खोलीतील आवाज किती वेळ रेंगाळतो हे मोजण्याचे शास्त्र हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस क्लेमंट सॅबिन यांनी १८९५ पासून फॉग कलासंग्रहालयाच्या बोलणे न कळणाऱ्या व्याख्यानगृहात, जवळच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री उचलून आणून, ऑर्गनची नळी वाजवून आणि घड्याळ लावून घडवले. त्यांच्या सूत्रानुसार १२ फूट रुंद, १४ फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच अशी, गुळगुळीत गिलाव्याची आणि फरशीची रिकामी खोली आवाज सुमारे तीन सेकंद धरून ठेवते. संगीतासाठी हा काळ अर्ध्या सेकंदाच्या आत, ०.४ सेकंदाच्या आसपास हवा. त्यासाठी सुमारे १८ चौरस मीटर पूर्ण शोषक पृष्ठभागाइतके शोषण खोलीत आणावे लागते. जाड जाजम, गादी-लोडांची बैठक, पुस्तकांची उघडी कपाटे आणि जड पडदे यांनी वरच्या स्वरांपुरते हे काम बरेचसे होते, आणि जुन्या वाड्यातल्या दिवाणखान्यात बैठक का रंगत असे, याचे एक कारण तेथेच आहे.

खालच्या स्वरांना जाजम दिसतच नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला, तर १४ फूट लांबीत ४० आवर्तनांची, १२ फूट रुंदीत ४७ ची आणि साडेनऊ फूट उंचीत ६० ची लहर दोन भिंतींमध्ये अडकून उभी राहते. तिला स्थिर लहर म्हणतात. त्यांच्या मिश्रणातून याच पट्ट्यात आणखी अनेक लहरी निर्माण होतात. तबलजीने डग्ग्यावर घिस्सा घेतला की तो स्वर या लहरींच्या रांगेतून सरकत जातो आणि वाईट खोलीत त्याचा एक तुकडा खोलीभर फुगतो, तर पुढचा नाहीसा होतो. लांबी आणि रुंदी सारखी असेल तर दोन लहरी एकमेकींवर चढतात, म्हणून चौरस खोली सर्वांत वाईट. ४० आवर्तनांच्या लहरीचा चतुर्थांशच दोन मीटरहून मोठा असल्याने भिंतीवरची चार इंची गादी तिला अडवू शकत नाही. उरतो तो बैठकीचा उपाय. मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्याला ही लहर सर्वांत मोठी ऐकू येते आणि खोलीच्या मधोमध बसणाऱ्याला ती ऐकूच येत नाही. लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे या खोलीत मागच्या भिंतीपासून सुमारे सव्वापाच फुटांवर, समतोल जवळ येतो. तेथून पुढे खुर्ची चार-चार बोटे सरकवत, एकच डग्ग्याचा ठेका पुन्हा पुन्हा ऐकत जागा शोधावी लागते. या कामाला एक रविवार सहज लागतो.

खुर्ची ठरल्यावर सुताराला बोलवावे. श्रोत्याने जागेवर बसायचे आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. आरशात ज्या ठिकाणी स्पीकर दिसतो, तेथूनच त्याचा आवाज भिंतीवर आपटून कानाशी पोहोचत असतो. त्या जागी लाकडी चौकटीत ५० ते १०० मिलिमीटर जाडीचे रॉकवूल, म्हणजे खनिजतंतूंची दाबलेली गादी, भरून वरून कापड ताणतात. फुंकर घातली असता हवा पार जाणारे खादीसारखे कापड चालते. रेक्झिन चढवले तर शोषणारा पृष्ठभाग पुन्हा परावर्तक होतो. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांचा उपयोग होत नाही.

सर्व काम झाल्यावर परीक्षा दुपारच्या शांततेत घेऊ नये. रात्री आठच्या सुमारास, इमारतीतील लिफ्ट, पंप आणि वातानुकूलन यंत्रे चालू असताना, आवाजाची कळ रोजच्या जागी ठेवून, काहीही न वाजवता स्पीकरपासून वीतभर अंतरावर कान न्यावा. तेथे किंचित सूं असा आवाज ऐकू येणे क्षम्य आहे, स्वर ऐकू येता कामा नये. नंतर खुर्चीवर बसून फक्त तानपुरा ऐकावा आणि खर्जाची तार विरताना तिच्यामागे दुसरे काही उरते का, ते पाहावे. आणि घराच्या अर्थिंगचा खड्डा काळ्या मातीत असेल, तर ती माती एप्रिल-मेमध्ये वाळून भेगाळते व तिचा विद्युतरोध वाढतो, म्हणून दर उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालायला विसरू नये.