घरच्या घरी दशमान रोधपेटी

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानासाठी प्रसिद्ध आहे. अभियांत्रिकीच्या व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या विद्यार्थ्यांना ती परिचित असते. तयार दशमान रोधपेटी ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे, त्यांना अशाच बाजारातील सुट्या भागांतून ती स्वतः सिद्ध करता येते.

परिपथात एखाद्या जागी किती रोध हवा हे गणिताने कळते, परंतु अंतिम आकडा बहुधा प्रयोगानेच ठरतो. दर वेळी डाख सोडवून नवा रोधक बसविण्याऐवजी पेटीच्या कळा फिरवून तो शोधता येतो. शाळेतील पितळी खुंट्यांच्या रोधपेटीचेच हे सुटसुटीत रूप होय.

रचना सोपी आहे. समान मूल्याचे नऊ रोधक एकसर जोडले की दोन टोके व मधले आठ सांधे मिळून दहा जागा होतात. त्या रोटरी स्विचच्या दहा स्थानांना जोडाव्यात आणि स्विचचा फिरता संपर्क पुढील दशकाच्या पहिल्या टोकाला न्यावा. १ ओहमपासून १ लाख ओहमपर्यंतच्या सहा दशकांना ५४ रोधक लागतात. त्यातून ० ते ९,९९,९९९ ओहम मिळतात. पुढचा संपर्क जुळल्यावरच मागचा सुटेल असा स्विच घ्यावा, म्हणजे कळ फिरवताना परिपथ तुटत नाही.

सहा आकडे दिसतात म्हणून सहा आकड्यांची अचूकता लाभली, असा समज मात्र होऊ नये. रोधक एक टक्का सहनसीमेचे, म्हणजे शेवटचा पट्टा तपकिरी असलेले, घेतले तरी ९ लाख ओहमवर ९ हजारांपर्यंत चूक संभवते. तेथे एककाची कळ फिरविणे केवळ करमणूक ठरेल. लहान मूल्यांना वेगळीच अडचण येते. सर्व कळा शून्यावर असतानाही तारा व संपर्क यांचा अल्पसा रोध उरतो. तो मल्टिमीटरने मोजून झाकणावर लिहावा व वाचनातून वजा करावा.

खरा धोका उष्णतेचा आहे. पाव वॅटच्या १ ओहमच्या रोधकातून अर्धा अँपिअर प्रवाह चालतो, १,००० ओहमच्या रोधकातून मात्र जेमतेम १५ मिलिअँपिअर. घरातील २३० व्होल्टच्या विजेला ही पेटी कदापि जोडू नये. १०० ओहमवर ठेवलेल्या पेटीत त्या दाबाने ५०० वॅटहून अधिक उष्णता निर्माण होईल; रोधक जळतील आणि पेटी धातूची असल्यास हाताळणाऱ्याच्या जिवावर बेतेल. प्रत्येक कळेखाली तिची प्रवाहमर्यादा ठळक अक्षरांत लिहावी. पेटी पुढे दुसऱ्याच्या हाती जाते.