लाकडी नावेची प्रतिकृती : आधी फासळ्या की आधी फळ्या?

कोलकात्यातील कांकुडगाछी येथे, आंबेडकर भवनात, २०१४ मध्ये नौकांचे एक छोटे संग्रहालय सुरू झाले. बंगालच्या नद्यांमधून फिरणाऱ्या नौकांच्या ४६ लाकडी प्रतिकृती तेथे मांडण्यात आल्या. कोळ्याची साधी डिंगी, प्रवासी पानसी, जमीनदारांचा ऐसपैस बजरा, शर्यतीची निमुळती छिप असे अनेक प्रकार त्यांत आहेत. होडी, मचवा आणि पडाव यांच्याशी परिचित असलेल्या कोकणच्या माणसाला ही सारी मंडळी नात्यातीलच वाटावीत.

अशा प्रतिकृतींकडे शोभेची वस्तू म्हणून पाहिले, तर त्यांचे निम्मेच मोल कळते. नाव कशी दिसत होती, हे चित्रही सांगू शकते. अँटवर्पचा चित्रकार बाल्थझार सोल्व्हिन्स १७९१ मध्ये कोलकात्यास आला आणि त्याने येथील लोकजीवनाबरोबर नौकाही रेखाटल्या. मात्र फळीला फळी कशी जोडली जाते, कोणता भाग आधी आणि कोणता नंतर बसतो, हे चित्रातून पुरेसे उमगत नाही. त्यासाठी नाव बांधूनच पाहावी लागते. मोठी नाव बांधणे सर्वांना शक्य नसले, तरी छोटी प्रतिकृती घरच्या टेबलावरही आकार घेऊ शकते.

मासेमारी नौकेच्या प्रतिकृतीचे तयार संच बाजारात मिळतात. त्यांत कापलेले लाकडी भाग, बारीक पट्ट्या, दोरा आणि आराखडा असतो. अशा संचातील काम सर्वसाधारणपणे ठरावीक क्रमाने चालते. प्रथम नावेचा कणा उभा करावयाचा. कण्यातील खाचांमध्ये आडव्या चौकटी काटकोनात बसवावयाच्या. सांगाडा सरळ आहे याची खात्री झाली, की चौकटींच्या कडा पॉलिश पेपरने घासून घ्यावयाच्या, म्हणजे पट्टी सर्वत्र सारखी टेकते. पट्ट्या पाण्यात भिजवून हळूहळू वाकवाव्या लागतात. डावीकडे एक पट्टी लावली, की लगेच उजवीकडे तिची जोडीदार लावावी. एकच बाजू आधी पूर्ण केल्यास वाळणाऱ्या पट्ट्यांच्या ताणाने कणा पिळवटतो आणि पुढे तो दोष दुरुस्त करता येत नाही. नाळेकडे नाव अरुंद होत जाते, म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे थोडी निमुळती तासावी लागते. नवशिक्याची घाई बहुधा येथेच उघडी पडते.

थोडक्यात, संचातील नाव आधी सांगाडा आणि मग आवरण अशी घडते. बंगालच्या पारंपरिक नावेचा क्रम याच्या नेमका उलट आहे. तेथील कारागीर तळापासून फळीला फळी भिडवीत आधी नावेचे कवच उभे करतो. लगतच्या दोन फळ्या चपट्या लोखंडी अकड्यांनी जखडल्या जातात. कार्यालयात कागद जोडणारी स्टेपलरची पिन डोळ्यांसमोर आणली, की हा जोड सहज कळेल. जाड फळीला बाक देण्यासाठी उष्णतेचा आणि ओलाव्याचा उपयोग होतो. कवच तयार झाल्यावरच आतून फासळ्या बसविल्या जातात. आकार ठरवितात त्या फळ्या. फासळ्या त्या आकाराला बळकटी देतात. कागदावर आराखडा नसतो. बाक किती हवा, हे कारागिराची नजर सांगते.

म्हणूनच बंगाली नावेची प्रतिकृती करताना संचाची सवय थोडी बाजूला ठेवावी लागते. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. जाड पुठ्ठ्याचे साचे तात्पुरते उभे करावेत आणि त्यांच्या आधाराने पट्ट्या कडेला कडा भिडवून चिकटवाव्यात. गोंद साच्यांना लागू नये, म्हणून त्यांच्या कडांना मेण चोळावे. कवच पक्के वाळल्यावर साचे काढून घ्यावेत आणि मगच आतील वळणाबरहुकूम घासलेल्या फासळ्या बसवाव्यात. प्रमाणाचा हिशेबही सोपा आहे. ३५ फूट लांबीची नाव १:२४ या प्रमाणात केल्यास प्रतिकृती साडेसतरा इंचांची होते. एकदा ठरविलेले प्रमाण लांबी, रुंदी, उंची आणि फळीची जाडी या सर्वांना सारखेच लावावे.

क्रमाचा हा आग्रह केवळ हौसेपोटी नाही. कोलकात्याच्या नैर्ऋत्येला रूपनारायण नदी हुगळीला मिळते. त्या परिसरात 'छोट' नावाची मासेमारी नौका चालत असे. बंगालच्या अनेक नावांचा तळ गोलसर असतो, तर छोटचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा असल्याने भरती-ओहोटीच्या जोरदार प्रवाहात ती तोल सांभाळी. नदीत साचणारा गाळ, पूल आणि रस्ते यांमुळे पारंपरिक नौकांचे काम घटले. यंत्रावर चालणाऱ्या 'भुटभुटी' आल्या आणि छोटला मागणी उरली नाही. २०२२ मध्ये हावडा जिल्ह्यातील श्यामपूर येथे एका ज्येष्ठ कारागिराने आपल्या मुलांसह पुन्हा एक छोट बांधली. ब्रिटिश म्युझियमच्या लोप पावत चाललेल्या कारागिरीविषयीच्या कार्यक्रमांतर्गत या बांधणीची टप्प्याटप्प्याने नोंद करण्यात आली. ज्या विद्येचा आराखडाच कागदावर नाही, ती शेवटचा जाणकार हात थांबला की संपते. म्हणून ही धडपड.

घरी प्रतिकृती करणाऱ्याकडून एवढ्या मोठ्या कार्याची अपेक्षा नाही. तरीही प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे, मापे वहीत टिपावीत आणि नावेच्या आतील एक बाजू फासळ्या दिसतील अशी उघडी ठेवावी. पुढे घरातील एखाद्या मुलाने ती हाती घेऊन, ही कशी बांधली, असे विचारले, तर उत्तर देण्यास ती वही आणि ती नाव पुरेशी ठरेल.