खासगी तलावाचें हॉटेल कसें निवडावें?

(नभोवाणीवरील भाषण)

प्रवासास निघण्यापूर्वीं उतरण्याची जागा ठरविणें हें काम एके काळीं फारसें अवघड नव्हतें. एखाद्या नातेवाइकाचें घर, नाहीं तर धर्मशाळा, आणि खिसा जरा जड असला तर एखादें नांवाजलेलें हॉटेल, एवढ्यांतच निवड आटोपत असे. आज मध्यम स्थितींतील कुटुंबासही लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशीं किंवा मुलांच्या परीक्षा संपल्यावर चार दिवस परगांवीं थाटांत घालवावेत असें वाटतें, आणि त्यांत कांहीं गैर आहे असें मी म्हणणार नाहीं. अशा वेळीं हॉटेलांच्या जाहिराती चाळूं लागलें कीं ‘खासगी पोहण्याचा तलाव’ हे शब्द डोळ्यांत भरतात, आणि त्या शब्दांसरशीं खोलीचें भाडेंही पुष्कळ चढतें. त्या शब्दांत नेमकें काय सांठविलेलें असतें आणि तें पारखून कसें घ्यावें, याविषयीं आज थोडेंसें सांगण्याचें योजिलें आहे.

घरांतल्याच एका अनुभवापासून आरंभ करतों. माझ्या धाकट्या बहिणीवर कांहीं वर्षांपूर्वीं मोठी शस्त्रक्रिया झाली. पुढें डॉक्टरांनीं तिला पाण्यांत हातपाय हलविण्याचा व्यायाम सांगितला. लहानपणीं आजोळच्या विहिरींत ती तासन् तास डुंबत असे. पण शस्त्रक्रियेच्या खुणा अंगावर घेऊन चारचौघांच्या तलावांत उतरण्याचें तिला धैर्य होईना. तेव्हां तिनें व तिच्या यजमानांनीं वर्षभर पैसे बाजूस टाकले आणि एका मोठ्या शहरांतील हॉटेलांत खासगी तलावाची खोली घेतली. खोली चित्रांत दाखविल्याप्रमाणेंच होती. तलावही होता. मात्र समोर बारा मजल्यांची इमारत उभी होती आणि तिच्या साऱ्या खिडक्या त्या तलावावर उघडत होत्या. माझी बहीण दोन दिवस पाण्यांत पाय सोडून काठावर बसली आणि परत आली. “दादा, यापेक्षां आजोळची विहीर बरी,” एवढेंच ती म्हणाली. हॉटेलवाल्यांनीं तिला फसविलें असें म्हणतां येणार नाहीं. तलाव खरोखरच तिच्या एकटीचा होता. तिला हवा होता एकांत, आणि त्याविषयीं तिनें विचारलें नव्हतें, त्यांनींही सांगितलें नव्हतें.

येथें पहिली गोष्ट ध्यानांत येते ती ही कीं, ‘खासगी’ हा शब्द तीन निरनिराळ्या अर्थांनीं वापरला जातो. पहिला अर्थ असा कीं, तलाव हॉटेलच्या पाहुण्यांपुरता राखलेला आहे. सिंगापूर येथें २०१० सालीं उघडलेल्या मरीना बे सँड्स या हॉटेलाच्या ५७ व्या मजल्यावरील सुप्रसिद्ध तलाव या जातीचा होय. तो सुमारे १५० मीटर लांब आहे आणि बाहेरच्यांस तेथें पोहण्याची मनाई आहे; परंतु त्या हॉटेलाच्या खोल्याच दीड हजारांहून अधिक असल्यामुळें तेथें एकांताची अपेक्षा करण्यांत अर्थ नाहीं. दुसरा अर्थ असा कीं, एक लांबट तलाव खोल्यांच्या रांगेपुढून जातो आणि प्रत्येक खोलीच्या ओट्यावरून पाण्यांत उतरतां येतें. उदेपूर येथील उदयविलास हॉटेलांत अशी व्यवस्था आहे. तेथें पाणी दाराशीं असतें, पण शेजारचें बिऱ्हाडही त्याच पाण्यांत असतें. तिसरा अर्थ म्हणजे एका खोलीस किंवा एका घरास जोडलेला, दुसऱ्या कोणाचाही पाय ज्यांत पडत नाहीं असा हौद. भाडें तिसऱ्या अर्थाचें द्यावें आणि पदरांत पहिला किंवा दुसरा अर्थ पडावा, असें होऊं नये यासाठीं जागा राखण्यापूर्वींच लेखी विचारावें: या पाण्यावर किती खोल्यांचा हक्क आहे?

भरवस्तीच्या शहरांत एकांत कसा निर्माण करतात, हें मला प्रत्यक्ष पाहावयास मिळालें तें मोरोक्को देशांतील माराकेश या शहरीं. मोरोक्कोंतून आपल्या देशांत खतांसाठीं लागणारें फॉस्फेट मोठ्या प्रमाणावर येतें. त्या व्यापाराच्या निमित्तानें माझ्या बहिणीच्या यजमानांस तिकडे जावें लागलें, तेव्हां ते मलाही आग्रहानें बरोबर घेऊन गेले. माराकेश हें अकराव्या शतकांत वसलेलें शहर असून त्याच्या तटाच्या आंतील जुन्या भागाची १९८५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत नोंद झाली. तेथील गल्ल्या अरुंद आहेत, आणि दोन्ही बाजूंस मातकट तांबड्या रंगाच्या कोऱ्या भिंती. रस्त्याकडे खिडकी अशी जवळजवळ दिसतच नाहीं. दारांतून आंत शिरावें तर बोळ लगेच वळतो, म्हणजे दार उघडें असलें तरी रस्त्यावरच्या माणसाची दृष्टि आंत पोंचत नाहीं. आणि तें वळण ओलांडलें कीं एकदम मोकळा चौक लागतो. मध्यें कारंजें किंवा हौद, भोंवतीं संत्र्याचीं झाडें, आणि चोहोंकडे चौकांत उघडणाऱ्या खोल्या. या घरास ‘रियाद’ म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ बाग असा आहे.

पुण्यांतील जुने वाडे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस ही रचना परकी वाटणार नाहीं. देवडी, ओसरी आणि चौक यांचें तत्त्व तेंच. उजेड, वारा आणि पाणी आंतून घ्यावें आणि रस्त्यास भिंत दाखवावी. कात्रजहून नळानें आणलेलें पाणी पेशव्यांच्या काळीं पुण्याच्या हौदांत खेळत असे, ही गोष्ट आपणांस ठाऊकच आहे.

या जुन्या तत्त्वाचें अत्यंत खर्चिक रूप पाहावयाचें असेल तर २०१० सालीं राजे सहावे महंमद यांच्या इच्छेनें उभारलेलें रॉयल मन्सूर हें हॉटेल पाहावें. त्यांत खोल्या भाड्यानें मिळतच नाहींत. ५३ स्वतंत्र रियाद आहेत आणि पाहुण्यास संपूर्ण घर मिळतें. खालीं चौक व बैठक, वर शयनगृह आणि गच्चीवर लहानसा हौद. नोकरचाकरांची ये-जा जमिनीखालच्या भुयारी वाटांनीं होते, म्हणून वाटेंत कोणी आडवें येत नाहीं. तेथें उतरणें तुमच्याआमच्या आवांक्याबाहेरचें आहे. पण ज्या वस्तूचें मोल तेथें घेतलें जातें ती कोणती, हें समजलें कीं साध्या ठिकाणींही ती ओळखतां येते. माराकेशमधील पुष्कळ जुन्या रियादांचीं १९९० नंतरच्या काळांत पाहुण्यांसाठीं लहान हॉटेलें झालीं. तेथें चौकांतील हौद बहुधा घरांतल्या साऱ्या खोल्यांचा सामाईक असतो. चौकावर उघडणाऱ्या सज्जांतून इतर पाहुणे तो पाहतातही. म्हणून तेथें खरा खासगी हौद हवा असल्यास दोनतीन कुटुंबांनीं मिळून अख्खें घर घेणें हा मार्ग पुष्कळदां एका उंची खोलीपेक्षां स्वस्त पडतो.

मग पारख करावी ती कशी? सर्वप्रथम दृष्टीचा विचार करावा. गच्चीवरील हौदास ऊन भरपूर आणि देखावा उत्तम, पण शेजारच्या गच्च्याही तेवढ्याच जवळ. चौकांतील हौद गार व सांवलीचा, पण वरच्या मजल्यावरून उघडा. जाहिरातींतील चित्र नेहमीं पाण्याकडे तोंड करून काढलेलें असतें. तुम्हीं पाण्यांत उभें राहून चारी बाजूंस काय दिसतें, त्याचें चित्र मागवावें. जें तुम्हांस दिसतें, त्यास तुम्हीही दिसतां. शहराच्या उपग्रहचित्रांत हॉटेलाभोंवतीं उंच इमारती आहेत कीं काय, हें घरबसल्याही कळतें.

त्यानंतर माप विचारावें. शर्यतीचा तलाव ५० किंवा २५ मीटर लांब असतो. खोलीस जोडलेला हौद पुष्कळदां ४ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद एवढाच असतो. त्यांत डुंबतां येतें, पोहतां येत नाहीं. खोली सव्वा मीटरच्या आसपास धरली तर त्यांत सुमारें १२,००० लिटर पाणी राहतें. एवढें पाणी केवळ १० अंशांनीं तापविण्यास विजेच्या साध्या शेगडीनें सुमारें १४० युनिटें लागतील. उष्णता ओढून घेणाऱ्या पंपानें बरीच कमी लागतात, तरीही खर्च लहान नाहीं. त्यामुळें ‘तापविलेला तलाव’ असें लिहिलेलें असलें तरी तो कोणत्या महिन्यांत, किती अंशांपर्यंत तापवितात आणि त्याचें मोल भाड्यांत आहे कीं वेगळें, हें विचारणें अगत्याचें आहे. माराकेशला उन्हाळ्यांत दुपारीं पारा ३७ अंशांच्या घरांत जातो, पण जानेवारीच्या रात्रीं तो ६ अंशांपर्यंत उतरतो. अशा वेळीं न तापविलेला हौद केवळ पाहण्याच्या उपयोगाचा.

पाण्याच्या शुद्धतेविषयीं एक गैरसमज सर्वत्र आढळतो. औषधाचा उग्र वास आला म्हणजे पाणी स्वच्छ आहे, असें आपण समजतों. वस्तुस्थिति उलट आहे. क्लोरीनचा घाम, मूत्र इत्यादिकांशीं संयोग होऊन जे पदार्थ बनतात, त्यांचा तो वास असतो. चांगल्या राखलेल्या पाण्यास वास जवळजवळ नसतो आणि तळाची जाळी स्पष्ट दिसते. मोकळा क्लोरीन दर लिटरास निदान १ मिलिग्रॅम असावा, असा आरोग्यशास्त्राचा दंडक आहे. लहान हौदांत दोन माणसें उतरलीं तरी पाणी लवकर मळतें, आणि गच्चीवर उन्हानें क्लोरीन झपाट्यानें उडून जातो. यास्तव पाणी दिवसांतून किती वेळां तपासतात आणि गाळण्याचें यंत्र किती तास चालतें, असें खुशाल विचारावें. चांगलें हॉटेल या प्रश्नानें रागावत नाहीं.

आतां सर्वांत गंभीर गोष्ट. मोठ्या तलावावर पहारेकरी असण्याचा संभव तरी असतो. खासगी हौदावर बहुधा कोणीच नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या गणतीप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें ३ लक्ष माणसें बुडून मेलीं आणि त्यांत जवळजवळ चतुर्थांश पांच वर्षांखालील मुलें होतीं. लहान मूल बुडतांना ओरडत नाहीं, हातही मारीत नाहीं. मिनिट दोन मिनिटांत सारें आटोपतें. शयनगृहाच्या दारापासून दोन पावलांवर पाणी असणें, हें ज्या सुखासाठीं आपण पैसे मोजतों, तेंच लहान मुलांच्या घरास संकट होऊं शकतें. फ्रान्सनें २००३ सालीं कायदा करून खासगी तलावांस कुंपण, झांकण किंवा तत्सम संरक्षण सक्तीचें केलें. तळाच्या जाळीच्या ओढींत मुलें अडकून मरतात, म्हणून अमेरिकेनें २००७ सालीं जाळीविषयींही कायदा केला. आपण कोठेंही उतरलों तरी हौदाकडील दारास मुलाच्या हातास न पोंचेल अशी कडी आहे काय, भोंवतीं स्वतंत्र कुंपण आहे काय, आणि जाळी घट्ट बसविलेली आहे काय, हें सामान सोडण्यापूर्वीं पाहावें. घरांत पांच वर्षांखालील मूल असेल तर मी स्पष्टच सांगेन: खासगी हौदाचा मोह सोडावा आणि पहारेकरी असलेल्या सामाईक तलावाचें हॉटेल घ्यावें.

पैशासंबंधीं थोडेंच सांगतों. जाहिरातींतील ‘सप्ततारांकित’ अशा विशेषणांस भुलूं नये. आपल्या सरकारच्या वर्गवारींत पंचतारांकित डीलक्स हीच वरची पायरी आहे. आपल्याकडे दिवसाचें भाडें ७,५०० रुपयांहून अधिक असल्यास त्यावर १८ टक्के कर पडतो, तोही हिशेबांत धरावा.

एक विचार मात्र मनांतून जात नाहीं. १२,००० लिटर पाणी म्हणजे दर माणशी दर दिवशीं १३५ लिटर या आपल्या शहरी मापानें सुमारें ८९ माणसांचें एका दिवसाचें पाणी. मोरोक्कोंत ओळीनें अनेक वर्षें अवर्षण पडलें, तेव्हां २०२४ च्या आरंभीं कित्येक शहरांतील सार्वजनिक हमामखाने आठवड्यांतून तीन दिवस बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. गरिबाचें स्नानगृह बंद आणि पाहुण्याचा हौद भरलेला, हें चित्र कोणाही विचारी माणसास खटकेल. नीट गाळलेलें पाणी रोज सोडून द्यावें लागत नाहीं. रात्रीं हौद झांकला तर वाफेनें होणारी तूटही कमी होते. पाहुण्यागणिक हौद रिकामा करून भरण्याची प्रौढी जें हॉटेल मिरवितें, त्यापेक्षां पाणी राखणारें हॉटेल अधिक सुसंस्कृत समजावें.

माझ्या बहिणीची हकीकत अर्धीच राहिली. माराकेशला आम्हीं एक लहानसें जुनें घर आठवड्यासाठीं घेतलें होतें. चौक जेमतेम, हौद तीन हात रुंद, थाटमाट कांहींच नाहीं. पण वर आकाशाखेरीज पाहणारें कोणी नव्हतें. पहिल्याच दिवशीं सकाळीं आम्ही पुरुषमंडळी बाजारांत गेलों. दुपारीं परत आलों तों तिचे केस ओले होते आणि दोरीवर लुगडें वाळत होतें. तिनें कांहीं सांगितलें नाहीं, मीं कांहीं विचारलें नाहीं. संध्याकाळीं चहा घेतांना ती आपण होऊन आजोळच्या विहिरीच्या गोष्टी सांगूं लागली.

तेव्हां श्रोतेहो, हॉटेल निवडतांना चित्रांतील निळें पाणी पाहण्यापूर्वीं तें पाणी आपल्यापैकीं कोणास, कशासाठीं हवें आहे, हें घरांत बसून एकमेकांस विचारा. मग हॉटेलास काय विचारावयाचें, तें आपोआप सुचेल.